दुरुस्तीची कोरी यादी

'एकही चूक नाही' असं कोणी अभिमानानं म्हणालं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. समोरचा माणूस भला असेल, खरोखर बिनचूक असेल, तरी जाते. घरातली माणसं आता हसतात मला. भाचीनं एकदा गणिताचा पेपर आणून दाखवला, "मावशी, एकही चूक नाही," तर मी तिला आधी विचारलं, हा तपासला कोणी? पोरगी दोन दिवस रुसली. रुसू दे.

या रागाचं मूळ डोणगावात आहे. तिथे बाजारात एक शिंपी मशीन टाकून बसायचा. त्याचा उजवा डोळा लहानपणी देवीच्या साथीत गेलेला. उरलेल्या डाव्या डोळ्यावर त्यानं तीस वर्षं गावाचे पायजमे, बंड्या, पोरींचे परकर शिवले. मग त्या डोळ्यातही मोतीबिंदू झाला. तो काढून घ्यायला तो आमच्या शिबिरात आला होता, आणि आम्ही त्याला तसाच परत पाठवला. आम्ही म्हणजे कोण कोण, तेच मला सांगायचं आहे.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. पुण्याहून कम्प्युटरचा डिप्लोमा करून आले होते. तिथल्या मुली माझं 'मले', 'तुले' ऐकून तोंडाला रुमाल लावायच्या, म्हणून दोन वर्षं मी जीभ घासूनपुसून त्यांच्यासारखी बोलले, आणि कम्प्युटरची सी भाषा मात्र त्यांच्यापेक्षा चांगली लिहिली. परत आल्यावर तालुक्याच्या गावी एका संस्थेत नोकरी लागली. संस्थेनं नवाकोरा कम्प्युटर घेतला होता. एकच. त्याच्यासाठी संस्थेच्या शाळेच्या आवारात काचेची, एसीची खोली बांधली होती. आत जाताना चपला बाहेर आणि पाय धुतलेले. संस्थेचे अध्यक्ष मोठे बागायतदार, गावात शेवटचा शब्द त्यांचा. पाहुण्यांसाठी आणलेले पेढे ते त्या खोलीत ठेवायचे, कारण गावात तेवढी थंड जागा दुसरी नव्हती. पेढ्यांना मुंग्या लागल्या, मुंग्या कीबोर्डात शिरल्या, तेव्हा बोलणी मला बसली. नोकरी तेव्हाच सोडायला हवी होती.

संस्था दरवर्षी हिवाळ्यात मोतीबिंदूचं शिबिर भरवायची. आधी आठवडाभर गावोगाव तपासणी व्हायची. डॉक्टर सांगायचा आणि त्या त्या गावचे गुरुजी फॉर्म भरायचे. नाव, गाव, वय, कोणता डोळा. त्या फॉर्मांवरून हातानं याद्या व्हायच्या. त्या वर्षी अध्यक्षांनी ठरवलं की याद्या कम्प्युटर करील, आणि शिबिराच्या उद्घाटनातच कम्प्युटरचंही उद्घाटन होईल.

प्रोग्राम मी लिहिला. डोळ्याच्या रकान्यात एकच अक्षर टाकायचं, डाव्याला डी, उजव्याला यू. प्रोग्राम डी दिसला की माणसाला डाव्या डोळ्याच्या यादीत घालायचा, नाही तर उजव्याच्या. रकाना रिकामा राहिला तर काय? त्यासाठी मी आधी एक तपासणी ठेवली होती. वय नाही, गाव नाही, डोळा नाही, असं काहीही राहिलं की 'चूक' नावाचं एक छोटं फंक्शन, प्रोग्रामातलाच एक तुकडा, चालायचं. ते पडद्यावर इंग्रजी अक्षरांत 'चूक! नोंद अधुरी' असं छापायचं, टूं करून वाजायचं, आणि प्रोग्रामला एक आकडा परत द्यायचं. आकडा शून्य आला तर नोंद चांगली. शून्य सोडून काहीही आलं तर नोंद बाजूला, दुरुस्तीच्या यादीत.

आता तो आकडा कुठून यायचा, ते ऐका, कारण माझी सगळी हुशारी तिथे आहे. सीमध्ये पडद्यावर छापण्याचं जे नेहमीचं फंक्शन असतं, ते छापून झाल्यावर आपण किती अक्षरं छापली तो आकडा परत देतं. बहुतेक लोक तो आकडा बघतही नाहीत. मी म्हटलं, वा! संदेश छापला म्हणजे पाचपंधरा अक्षरं छापलीच जाणार, म्हणजे आकडा शून्य नसणारच. मग वेगळी ओळ कशाला? छापण्याचाच आकडा पुढे सरकवून दिला. एक ओळ वाचली. एका ओळीचं मला एवढं कौतुक वाटलं होतं की पुण्याच्या एका मैत्रिणीला मी ते पत्रातून कळवलं. तिचं उत्तर आलं नाही. आलं असतं आणि त्यात 'असं करू नकोस' असं असतं, तरी मी ऐकलं नसतं.

उद्घाटनाच्या चार दिवस आधी अध्यक्ष बघायला आले. पहिल्या काही गावांचे फॉर्म मी भरून ठेवले होते. प्रोग्राम चालवला आणि तिसऱ्याच नोंदीला यंत्र वाजलं. टूं. चूक! नोंद अधुरी. थोड्या वेळानं पुन्हा टूं. अध्यक्षांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"हे काऊन बोंबलून राह्यलं?"

मी समजावलं, की फॉर्ममध्ये वय राहिलं आहे, म्हणून ते सांगतंय.

"सांगतंय ते ठीक हाये. पण पाहुण्यायसमोर चूक, चूक? नारळ फुटला, कुंकू लावलं, अन् मशीन म्हणते चूक? शुभ कामात असं बोलत असतेत का बाई? आपल्यात दुकानसुद्धा बंद केलं म्हणत नाही, वाढवलं म्हणतो आपण. काढून टाका ते."

"काढलं तर नोंदी तपासल्या जाणार नाहीत."

"तपासा ना. तपासाले कोण नाही म्हणते? मुकाट्यानं तपासा."

मुकाट्यानं तपासा. मला ते पटलंसुद्धा! मी विचार केला, संदेश पुसला तरी नोंद दुरुस्तीच्या यादीत पडेलच, मी मागाहून निवांत बघीन. मी प्रोग्राम उघडला आणि संदेशाच्या अवतरणचिन्हांमधला सगळा मजकूर पुसून टाकला. टूं करणारं अक्षरही त्यातच होतं, तेही गेलं. चिन्हं राहिली, मध्ये काही नाही. मघाशी वाजलेल्या दोन नोंदी मी हातानंच पुऱ्या केल्या. अध्यक्ष खूश होऊन दोन पेढे ठेवून गेले. मी ते खाल्ले.

ज्याला हे आधीच कळलं असेल त्याला मी नमस्कार करते, मला मात्र कळलं नाही. काहीच छापायचं नसलं की छापलेली अक्षरं शून्य. शून्य म्हणजे नोंद चांगली. ज्या नोंदीवर यंत्रानं बोंब मारायला हवी होती, ती नोंद आता ते स्वतःच्या हातानं बिनचूक ठरवत होतं. प्रोग्राम माझ्या हुकमाप्रमाणेच चालत होता, हुकूमच मी असला दिला होता.

डोणगावचे फॉर्म त्यानंतर आले. शिंप्याच्या फॉर्मवर डोळ्याचा रकाना कोरा होता. तो कोरा का, ते मी पुढे गुरुजींना जाऊन विचारलं. ते माझ्याकडे मीच वेडी असल्यासारखे बघत राहिले. म्हणाले, "अवो, त्याले एकच तं डोळा हाये! दुसरा लहानपणीच गेला, हे साऱ्या गावाले माहीत हाये. मंग कोणता म्हून काय लिवाचं?" साऱ्या गावाला माहीत आहे ते कागदावर लिहायचं नसतं, हा आमच्याकडचा रिवाज. पत्त्यातसुद्धा आम्ही 'मारुतीच्या देवळामागे' लिहितो आणि देवळं किती ते सांगत नाही. गुरुजींवर मी तेव्हा खूप चिडले होते. पण तो कोरा रकाना कम्प्युटरवर भरताना माझंही बोट थांबलं नव्हतं. मी नुसतं एन्टर दाबलं आणि पुढच्या नावावर गेले. थांबायला यंत्र होतं ना!

उद्घाटन झोकात झालं. पडद्याला कुंकू, हार, पाहुण्यांनी एक कळ दाबली आणि छपाईयंत्र करकरत याद्या ओकायला लागलं. डावी यादी, उजवी यादी, आणि शेवटी दुरुस्तीची यादी. त्या तिसऱ्या कागदावर फक्त मथळा होता. खाली कोरं. अध्यक्षांनी तो कागद वर धरून लोकांना दाखवला. "एकही चूक नाही!" टाळ्या पडल्या. मीही टाळ्या वाजवल्या. इतक्या गावांच्या इतक्या गुरुजींनी भरलेल्या फॉर्मांत एक सुद्धा चूक नाही, ही गोष्टच मुळात अशक्य आहे, हे त्या मांडवात फक्त मला कळायला हवं होतं. मला वाटलं, माझ्या प्रोग्रामच्या धाकानं सगळे नीट फॉर्म भरायला लागले.

शिबिरात कामाची पद्धत अशी होती. दारात एक निवृत्त कंपाउंडर बसायचे. ते यादी बघून माणसाच्या भुवईवर चिकटपट्टीचा तुकडा लावायचे, ज्या डोळ्याचं ऑपरेशन त्या बाजूला. पुढे एक शिकाऊ डॉक्टर बॅटरीनं पट्टीखालचा डोळा बघायचा आणि आत पाठवायचा. रकान्यात डी नाही म्हणून शिंपी उजव्या यादीत पडला होता, त्याच्या भुवईवर उजवीकडे पट्टी लागली. शिकाऊ डॉक्टरनं त्याच्या उजव्या डोळ्यावर बॅटरी मारली. तिथे काय असणार? देवीनं पांढरा करून ठेवलेला गोळा. 'या डोळ्याला ऑपरेशनचा उपयोग नाही,' असं त्यानं कम्प्युटरनं छापलेल्या शिंप्याच्या चिठ्ठीवर लिहिलं, खाली 'अपात्र' लिहिलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. बाहेर रांग शाळेच्या फाटकाच्या पार गेलेली होती, हे मान्य. पण दोन बोटांच्या अंतरावर दुसरा डोळा होता! मान जराशी वळवायची होती, दुसरं काही करायचं नव्हतं.

शिंपी संध्याकाळच्या एसटीनं डोणगावला परत गेला.

हे सगळं मला कळलं ते दुसऱ्या वर्षीच्या शिबिरात. मधल्या वर्षात मी त्या प्रोग्रामला हात लावला नव्हता. बाकीच्या अधुऱ्या नोंदी वयाच्या, गावाच्या होत्या, त्यांनी कोणाचं काही बिघडलं नाही, म्हणून कोणी ओरडलं नाही. त्या सकाळी मी मांडवात उभी होते. एका बाईनं एका माणसाला हाताला धरून आणलं. त्यानं खिशातून घडी पडून मऊ झालेली चिठ्ठी काढली आणि वेगळ्याच, वयस्क डॉक्टरसमोर धरली. डॉक्टरनं आधी दोन्ही डोळे पाहिले. मग चिठ्ठी वाचली. मग पुन्हा डावा डोळा पाहिला.

"गेल्या वर्षी हा का नाही काढला?" त्यानं विचारलं. "पिकून आत फुटलाय. दाब वाढून डोळा आतून मेलाय. आता काढून काही दिसणार नाही."

"डॉक्टरनं नाही म्हणलं होतं ना," शिंप्याची बायको म्हणाली. "म्हून गेलो आमी. दुखला लय, तवा शेकत होतो."

चिठ्ठीच्या कोपऱ्यात माझ्या छपाईयंत्राचं अक्षर होतं. यू.

मी चपला न काढता एसीच्या खोलीत गेले. फ्लॉपी घातली, प्रोग्राम उघडला. कोरी अवतरणचिन्हं तशीच होती. मी ती ओळ वाचली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. त्या खोलीत त्या वेळी कोणी आलं असतं तर मी हातात येईल ते फेकून मारलं असतं. शेवटी मी स्वतःच उठून अध्यक्षांकडे गेले. ते मांडवात पाहुण्यांबरोबर चहा घेत होते. मी सगळ्यांसमोर सांगितलं, की गेल्या वर्षीची यादी चुकीची होती, आणि तिच्यामुळे एका माणसाचा डोळा गेला.

त्यांनी मला बाजूला घेतलं. "हळू बोला बाई. यादी तं सुंदर छापली होती. पाहाचं काम डॉक्टरचं. डॉक्टर म्हणन फॉर्म गुरुजींनी भरला, गुरुजी म्हणतीन गावाले माहीत होतं. कोणाकोणाले धरत बसता? होऊन गेलं ते होऊन गेलं."

दोन वर्षं पुण्यात आणि दीड वर्ष इथे सांभाळलेली माझी जीभ तेव्हा सुटली. "काऊन हात झटकून राह्यले तुमी? तुमीच पुसाले लावलं ना मले? चूक म्हणू नका म्हणे! त्या माणसाले आता काय सांगू, शुभ हाये म्हून?"

पाहुणे ऐकत होते. अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. दुसऱ्या दिवशी मला कळवण्यात आलं की संस्थेला आता माझी गरज नाही. त्याचं मला काडीचंही वाईट वाटलं नाही, उलट बरं वाटलं. आपण खरं बोललो, आपली नोकरी गेली, म्हणजे आपल्या बाजूचं आपण फेडलं, अशा तोऱ्यात मी आठ दिवसांनी डोणगावची एसटी पकडली. शिंप्याला खरं काय झालं ते सांगायचं आणि अध्यक्षांविरुद्ध तक्रार करायला त्याला तयार करायचं, असं मी ठरवून गेले होते. तक्रारीचा मजकूरही लिहून नेला होता.

बाजाराचा दिवस होता. मशीन त्याच जागी होतं. तो स्टुलावर बसून दोन्ही पायांनी पायटा हाणत होता आणि बायको बाजूला उकिडवी बसून सुईखाली कापड सरकवत होती. ती 'हां' म्हणाली की तो पाय चालवायचा, 'थांब' म्हणाली की थांबायचा. पायजम्याची शिवण वाकडी जात होती. तिला ते दिसत होतं आणि ती पुन्हा उसवत होती.

मी जवळ बसले. आपल्याच बोलीत बोलले, म्हणजे परकं वाटायला नको. शिबिराच्या ऑफिसातून आले म्हटलं. मग सगळं सांगितलं, कोरा रकाना, पट्टी, शिकाऊ डॉक्टर, अध्यक्षांनी पुसायला लावलेली 'चूक'. तो पायट्यावर पाय ठेवून ऐकत होता.

"पण मी तं सांगतलं होतं," तो म्हणाला. "हे सारं कशाले पाहिजे? मी सोता सांगतलं. तिघायले."

"तिघायले?"

"पट्टी लावणाऱ्याले म्हणलं, भाऊ, हा नाही, तो. तो म्हणे यादीत हाच हाये. मंग त्या डॉक्टर पोऱ्याले म्हणलं, तो म्हणे पुढं चला. मंग मी परत फिरून त्या कम्प्युटरवाल्या बाईकडं गेलो. काचेच्या खोलीत बसली होती. मले अंधुक दिसत होती. मोठी गोड बोलत होती, पुण्यावाणी. तिले म्हणलं, बाई, माहा डावा डोळा लिवा. तर ते म्हणाली..." तो थांबला, आणि त्यानं माझ्या पुणेरी आवाजाची नक्कल करायचा प्रयत्न केला. "'काका, यादीत चूक असती तर कम्प्युटरनं सांगितलं असतं.'"

त्याची बायको हसली. तिला ती नक्कल ऐकायची सवय असावी.

मला आठवलं. एसटीत आठवलं नव्हतं, अध्यक्षांवर ओरडताना आठवलं नव्हतं, वर्षभरात एकदाही आठवलं नव्हतं. दाराशी उभा असलेला एक माणूस, पायात चपला, म्हणून आत न येणारा. मी पडद्यावरून मानसुद्धा पूर्ण वळवली नव्हती. कंपाउंडरकडे निदान यादी होती, त्या पोरसवदा डॉक्टरमागे रांग होती. माझ्यापाशी तेव्हा कोणतंच काम नव्हतं. त्याचा फॉर्म माझ्या टेबलाच्या खणात होता. तो काढून पाहिला असता तर कोरा रकाना दिसला असता, आणि तो माणूस त्याच दिवशी आत गेला असता.

"ते बाई मीच," मी म्हटलं.

पायट्यावरचा त्याचा पाय हलला आणि मशीन रिकामंच दोन टाके पुढे गेलं. बायकोनं चाक हातानं धरलं.

मी वाट बघत होते, की हा आता शिव्या देईल, हात उगारील, बाजार गोळा करील. मला ते हवं होतं. तो शिव्या देत नव्हता याचाच मला संताप येत होता, आणि तो संताप त्याच्यावर काढायचा हक्क आपल्याला नाही एवढं मात्र कळत होतं. पिशवीतला तक्रारीचा कागद मी बाहेर काढलाच नाही. त्यात माझं नाव कुठेच नव्हतं.

"मंग आता काऊन सांगून राह्यल्या?" त्यानं विचारलं.

मी उभी राहिले. त्याच्या बायकोनं दोरा पुन्हा सुईत ओवायला घेतला होता. दोरा दोनदा चुकला. तिनं वर पाहिलं.

"सरका बाई," ती म्हणाली, "उजेड अडून राह्यला."